आबांच्या अंगात आलं ते

प्रिय सुषी,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, आईचाही केला आहेस, आणि तुझ्या दाजींच्या फोनवरून केला तर माझा आवाज ओळखून ठेवून देतेस. म्हणून हा कागद. दहावीनंतर मी इतकं सलग काही लिहिलेलं नाही. कुरकुंभच्या औषधाच्या कंपनीत लिहायचं ते बॅच नंबर आणि सही, एवढंच. अक्षर वाईट आहे म्हणून फाडू नकोस. चैत्रात जत्रेच्या दिवशी तू मंडपातून गेलीस ती गेलीसच. आबांनी सगळ्यांदेखत माइकवर तुला 'ही आमची नाही' म्हटलं. ते देवानं म्हटलं असं तुला वाटतं, किंवा आबांच्या मनातलंच बाहेर आलं असं तरी वाटतं. त्यापुढचं तुला अर्धंमुर्धं, तेही त्या घाणेरड्या व्हिडिओतून कळलं असेल. उरलेलं मी सांगते. सांगताना मी चिडणार आहे, कारण त्या दिवसाची आठवण निघाली की मला अजून मळमळतं, आणि ते नुसतं जखमेमुळं नाही.

मला किळस लवकर येते हे तुला कुणी सांगायला नको. लहानपणी मेंढराच्या जखमेत किडे झाले की आबा हाक मारायचे ती तुला. तू फ्रॉक खोचून बसायचीस, चिमट्यानं एकेक किडा काढायचीस, वरून फिनेल ओतायचीस आणि हात जेमतेम धुऊन भाकरीला बसायचीस. मी लांब लिंबाखाली नाकाला ओढणी लावून उभी. आबा म्हणायचे, "थोरली सायेब व्हनार, धाकटी डाक्टरीन व्हनार." दोघींपैकी कुणीच काही झालं नाही, ते सोड. पण त्या दिवशी तू थोडा वेळ आणखी थांबली असतीस, तर आबांच्या पायाचं फडकं तू सोडलं असतंस आणि मी लांब उभी राहिले असते. ते मला करावं लागलं. अजून जेवताना मध्येच हात थांबतो.

आधी पायाचं सांगते. जत्रेचा मांडव पडला की आपल्या घरातला कर्ता माणूस चपला सोडतो, त्या जत्रा होईपर्यंत घालत नाही. आबांना शुगर आहे, अनवाणी फिरू नका असं डॉक्टरांनी दोनदा बजावलंय, पण देवाच्या कामात शुगर कुठली! ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं चारताना उसाच्या बुडख्याचा टोकदार धस पायात घुसला, अंगठ्याच्या शेजारी, चांगला खोल. शुगरमुळं त्यांना धड दुखलंही नाही. अंगणात रक्ताचे ठसे उमटलेले आईला दिसले तेव्हा घरात कळलं. नेमके तिथं मच्छिंद्र तात्या बसलेले. चुलते आहेत, वडीलधारे आहेत, म्हणून मी त्यांना अजून तात्या म्हणते, नाहीतर तोंडात दुसरा शब्द येतो. त्यांनी देवळातल्या परडीतला भंडारा आणला, मूठभर जखमेत दाबला, वर जुन्या धोतराची चिंधी बांधली आणि सांगितलं, "जत्रा हुईस्तवर सोडायचं न्हाई. बिरोबा बघून घेतोय." हळद चांगली असते म्हणे. असेल बाई. पण ज्या परडीत अख्खी वस्ती हात घालते त्या परडीतली हळद उघड्या जखमेत दाबायची? मेंढराला तरी आपण असं करत नाही, आधी धुतो.

आई रोज म्हणायची, दाखवून येऊ. आबा रोज म्हणायचे, "जत्रा हुंदी." पाय सुजला तो त्यांनी धोतराखाली झाकला. जत्रेच्या आदल्या दिवशी थंडी वाजून ताप आला, दात वाजत होते. आईनं मेडिकलमधून गोळी आणून दिली. सकाळी अंगाला हात लावला तर ताप नव्हता, उलट अंग गार. आई निर्धास्त झाली आणि पुरणाला लागली. ताप उतरला नव्हता, शरीरच हरायला लागलं होतं, हे नंतर दवाखान्यात कळलं. पुरण शिजेपर्यंत माणूस इतका बिघडतो हे आपल्याला कुठं ठाऊक होतं?

आता आपल्या घराण्याचं. आपल्या पणज्याच्या अंगात बिरोबाचं वारं यायचं आणि तो भाकणूक सांगायचा, पाऊस कसा होईल, रोगराई कुठून येईल, हे आपण दोघींनी पाळण्यात असल्यापासून ऐकलंय. तो गेला आणि वारं बंद झालं. आजोबांच्या अंगात आलं नाही, आबांच्या आलं नाही. आबांना त्याचं काही वाटत नव्हतं. तात्यांना फार वाटत होतं. शेजारच्या वस्तीच्या जत्रेला गाड्या लागतात, कारण तिथं भाकणूक होते. आपल्या जत्रेला नुसती जिलेबी. या वर्षी तात्यांनी नवा मंडप, नवे स्पीकर, सगळं आणलं होतं. कमी होता तो देव. आणि नेमके त्या सकाळी आबा देवळाच्या कट्ट्याला टेकून थरथरायला लागले.

मी नाईट शिफ्ट करून तशीच आले होते, बायकांत मागं बसले होते. आबांचं अंग कापत होतं. श्वास असा चालला होता की धावत आल्यासारखा, आणि माणूस तर बसलेला. डोळे अर्धे मिटलेले, तोंडानं काहीतरी पुटपुटणं चाललेलं. तात्या ओरडले, "वारं आलं! म्हस्कूच्या अंगात वारं आलं!" ढोल सुरू झाले. लोकांनी भंडारा उधळला तो थेट त्यांच्या अंगावर. तोंड, हात, छाती, सगळा माणूस पिवळा. मलाही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. थरथर म्हणजे देव. धाप म्हणजे देव घुमतोय. हात बर्फासारखे लागले तर म्हाताऱ्या म्हणाल्या, देवाचा गारवा आहे. ओठ सुकून तडकले होते, पण वारं आलेल्याला पाणी देत नाहीत म्हणून कुणी घोटभर पाणी दिलं नाही. सगळी लक्षणं समोर मांडून ठेवली होती सुषी, आणि अख्खी वस्ती त्या लक्षणांना नमस्कार करत होती.

तात्यांनी माइक त्यांच्या तोंडाला लावला आणि लोक रांगेनं विचारायला लागले. कांद्याला भाव मिळेल का. बोअरला पाणी लागेल का. पोराचं लग्न कधी जमेल. ज्या माणसाला आपण कुठं आहोत ते ठाऊक नव्हतं त्याला लोक कांद्याचा भाव विचारत होते! मग पांढऱ्या गाडीतून विश्वजीत उतरला, तोच, सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल उभं केलेला. शर्टाला डाग पडू नये म्हणून त्यानं आधी भंडाऱ्याची जागा रुमालानं झटकली, मग बसला. विचारलं, "आबा, आपल्या पॅनेलचं काय?" आबा म्हणाले, "मेंढरं मोजा. दोन कमी हायती." ते रानात होते गं, मनानं रानात, मेंढरं आत घेत होते. पण तात्यांनी लगेच माइकवर अर्थ लावला, विरोधकांचे दोघं पडणार. टाळ्या पडल्या. विश्वजीतनं वाकून पाया पडून फोटो काढून घेतला. नेमक्या त्या चिंधी बांधलेल्या पायाला हात लावला होता त्यानं, आणि नंतर तो हात बराच वेळ लांब धरून उभा होता. मी पाहिलं.

आणि मग तू आलीस. लग्नानंतर पहिल्यांदा जत्रेला आलेलीस, जयसिंगराव बरोबर, हातात नारळ. भावकीतल्या बायकांनी तुला वाट दिली, पण पदर सावरत दिली, ते मला दिसलं. जयसिंगराव आपल्यातले नाहीत यावरून ज्यांनी आबांना बैठकीत बसवून सुनावलं होतं ते सगळे पुढच्या रांगेत होते. तू वाकलीस. आबांनी तुझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ही कोण बाई? आमची न्हाई ही. भाईर काढा हिला." स्पीकरवर, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. ढोल थांबले. तात्यांनी क्षणभरसुद्धा वाया घालवला नाही: "ऐकलं का? देवानं निकाल दिला." कुणीतरी हसलं. तू नारळ उचललास, तो फोडायलासुद्धा दिला नाहीस, आणि निघालीस. तुझ्या पाठीवर भंडारा सांडलेला होता. तुझी चप्पल मंडपाच्या कडेला राहिली, ती आईनं ठेवलीय.

सुषी, तुला ते वाक्य जिथं लागलं तिथंच मला जाग आली. हेच सांगायचं होतं, हे गेले दोन महिने तुझ्या बंद फोनला सांगतेय. सगळी भावकी विरुद्ध असताना रजिस्टर लग्नाला शिरूरला येऊन सही करणारे आबा. बैठकीत "पोरगी माजी हाय, तुमची न्हाई, तुमी कशाला तरास करून घेताय" म्हणणारे आबा. शंभर मेंढरांत कुठलं कोकरू कुठल्या आईचं ते नुसत्या ओरडण्यावरून सांगणारे आबा. ते तुला ओळखत नाहीत? देव अंगात आला तरी माणूस आपली लेक विसरत नाही. पणजा भर भाकणुकीत आजोबांना नावानं हाक मारून मेंढरं पाण्यावर न्यायला सांगायचा, ही गोष्ट आबांनीच आपल्याला किती वेळा हसत सांगितलीय! मी उठले. बायका म्हणाल्या, खाली बस. मी पाया पडायला चाललेय असं दाखवून पुढं गेले आणि आबांचा कान धरला. मेंढरू आजारी आहे का ते बघताना आपण धरतो तसा. गार होता. पुढच्या रांगेतले सगळे बाप्ये आयुष्यभर मेंढरं राखलेले. मेंढरू मान टाकून, धापा टाकत, गार कानानं असं उभं असतं तर सगळ्यांनी लांबून ओळखलं असतं आणि टेम्पो काढला असता. माणसाचा कान कुणी धरला नाही.

मग मी चिंधी सोडली. मला लिहवत नाही, पण लिहिते, कारण तुला किळस येत नाही. आधी वास आला. उन्हाळ्यात मेलेलं कोकरू झुडपात सापडतं ना, तो. भंडाऱ्याचा घट्ट लगदा झाला होता, तो चिंधीबरोबर निघाला आणि मागून पू आला, हिरवट, पातळ. दोन बोटं काळी पडलेली. पायावरून एक लाल पट्टा पोटरीपर्यंत चढलेला, हळद पुसली तेव्हा दिसला. मला तिथंच ओकारी आली, मी बाजूला झाले, ओकले आणि परत आले. पण खरी शिसारी मला पुढं आली. जे लोक मघापासून त्या पायावर डोकं टेकत होते ते सगळे एका हाताच्या अंतरानं मागं सरकले. नाकाला पदर, नाकाला उपरणं. देवाच्या पायाला वास येतोय म्हटल्यावर भक्ती क्षणात उतरली. आणि तात्या मला म्हणतात, "बाईमानसानं मधी हात घालायचा नसतो, आरती हुंदी, मग न्या." विश्वजीतची गाडी समोर उभी होती, एसी चालू. मी हात जोडले. तो म्हणाला, "ताई, सीट नव्या आहेत, ॲम्ब्युलन्सला फोन लावतो ना मी." आणि फोन कानाला लावून चालता झाला.

तुझे दाजी भाजीचा पिकअप घेऊन आले. तर चार जण गाडीपुढं आडवे! वारं उतरायच्या आत देवाला स्थानावरून हलवलं तर वस्तीवर कोप होईल म्हणे. मी भांडत होते, दाजी भांडत होते, आणि आबांची मान एका बाजूला कलत चालली होती. तेवढ्यात आई आली, पुरणाचे हात तसेच. आपली आई, जी तात्यांपुढं कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. तिनं तात्यांच्या हातातला माइक काढून घेतला आणि म्हणाली, "सकाळधरनं ह्येंनी लगवी केली न्हाई. देवाला लगवी लागत न्हाई, माज्या नवऱ्याला लागती. सरका." सुषी, अख्ख्या वस्तीत स्पीकरवर 'लघवी'! एरवी मी लाजेनं मेले असते. आडवे झालेले उठले. नंतर डॉक्टरबाईंनी आल्या आल्या पहिला प्रश्न तोच विचारला, लघवी कधी झाली होती, आणि आईनं माझ्याकडं असं बघितलं की मला त्या स्थितीतही हसू आलं.

दौंडच्या दवाखान्यात त्यांना आत घेतलं तेव्हा बोटाला लावायची चिमटी आकडाच दाखवेना, बोटं इतकी गार. सिस्टर ओल्या गॉजनं भंडारा पुसत गेली आणि हळदीखालून आबांचं खरं अंग दिसलं. गुडघ्यांवर, मांड्यांवर निळसर-जांभळे चट्टे, जाळीसारखे. सकाळपासून ते तिथं होते, आम्हाला नुसता पिवळा रंग दिसत होता. रक्तदाब जवळजवळ लागतच नव्हता. डॉक्टरबाईंनी एकीकडं हात चालू ठेवून मला समजावलं. पायातलं इन्फेक्शन रक्तावाटे अंगभर पसरलंय, आणि त्याच्याशी लढता लढता शरीर आपलेच अवयव मोडायला लागलंय, याला सेप्सिस म्हणतात. मेंदूला पुरेसं रक्त जात नाही म्हणून माणूस बरळतो, घरच्यांना ओळखत नाही. हार्ट ॲटॅकला जितकी घाई करता तितकीच इथं करायची, त्या म्हणाल्या, प्रत्येक तास महत्त्वाचा. ऑक्सिजन लावला, तपासायला रक्त काढलं, लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं, सलाइनवर सलाइन. आमच्या कंपनीत पॅक होतात तशाच छोट्या काचेच्या बाटल्या. मी वर्षानुवर्षं त्यांना लेबल चिकटलंय का एवढंच बघत आलेय.

तिथून पुण्याला हलवलं. ती दोन्ही काळी बोटं काढली, पाय उघडून धुतला, किडनी बंद पडायला आली होती ती हळूहळू सुरू झाली. आयसीयूच्या दारात मला एकच भीती होती, की आबा जातील आणि तुझ्या वाट्याला त्यांचं शेवटचं बोलणं तेवढंच राहील. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा आईचं नाव घेतलं, दुसऱ्यांदा तुझं. मंडपातलं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. सुषी आली होती का, विचारलं. आई म्हणाली, आली होती, तुम्ही झोपला होता. बिचारीला दुसरं काय सुचणार? घरी आले ते निम्मे होऊन. केस गळतात, नावं विसरतात, दुपारी झोपेत दचकून उठतात, दहा पावलं चालले की बसतात. डॉक्टर म्हणतात, सेप्सिसमधून उठलेल्या माणसाचं महिनोन् महिने असं चालतं, धीर धरा. आणि एक ऐकून ठेव, तुझ्या सासऱ्यांनाही शुगर आहे. जखम, लघवीचा त्रास, छातीत कफ, काहीही असो. त्यात माणूस थरथरायला लागला, बसल्या जागी धापा टाकायला लागला, अंग गार किंवा चट्ट्याचट्ट्यांचं झालं, लघवी थांबली, किंवा वेड्यासारखं बोलायला लागला तर कुणाचं ऐकत बसू नकोस. गाडीत घाल आणि दवाखान्यात 'सेप्सिस तर नाही ना' असं तोंडानं विचार.

इकडं काय चाललंय ते ऐकशील तर तुलाही किळस येईल, तुलासुद्धा. 'दोन कमी हायती' हे खरं झालं म्हणे: देवानं आबांची दोन बोटं घेतली आणि जीव दिला. विरोधकांचे पाच पडले, पण त्यातले दोन मोठे होते, म्हणून तेही खरं. विश्वजीतनं आबांच्या तब्येतीसाठी शुभेच्छांचा फ्लेक्स लावला, त्यावर स्वतःचा फोटो आबांच्या चौपट. तो व्हिडिओ तात्यांच्या पोरानं पाय उघडा पडायच्या आत बंद केलाय, त्यामुळं बघणाऱ्याला नुसता देवच दिसतो. आता पुढच्या रविवारी आबांना फेटा बांधून देवळात कायमचं बसवायचं ठरलंय. आणि जे एकदा देवाच्या तोंडून निघालं ते मोडायचं नाही, म्हणजे तू वस्तीवर यायचं नाही, असंही तात्यांनी आईला ऐकवलं. त्या तोंडाला मुसक्या घालायला हव्यात.

परवा तात्या फेटा आणि तो व्हिडिओ घेऊन आबांना राजी करायला आले. त्यांना वाटलं, स्वतःला देव झालेलं बघून माणूस खूश होईल. आबांनी पूर्ण बघितला. तुझ्यापाशी आल्यावर थांबवायला लावला, परत लावायला सांगितला, परत बघितला. मग फोन तात्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मच्छिंद्रा, ह्यो देव न्हाई. माज्या पायातला पू बोलतोय ह्यो. आन् तू त्येला माइक दिलास." फेटा त्यांनी परत पाठवला. दोन दिवस धड जेवलेले नाहीत. आईशी बोलत नाहीत, खोटं सांगितलं म्हणून. मला म्हणाले, फोन लाव. मी म्हटलं, ती घेत नाही. तर म्हणाले, मग मला तिच्या दारात न्या.

म्हणून हे लिहितेय, सुषी. तुझे दाजी तळेगावच्या बाजाराला माल घेऊन येतात, आज पिकअपमध्ये पुढच्या सीटवर आबा आहेत. तुला हे पत्र दाजी दारातून देतील आणि परत गाडीशी जाऊन थांबतील. मला यायला आबांनीच मनाई केली. मी बोलले तर भांडण होतं म्हणाले, आणि माझी फर्स्ट शिफ्टही आहे. जयसिंगरावांच्या उंबऱ्याला हाक न मारता आत यायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. "तिला आदी सगळं वाचू दे. वाचून ती भाईर आली तर मी उतरतो. न्हाई आली तर गाडी मागं फिरवायची, तिला हाका मारायच्या न्हाईत." असं त्यांचं म्हणणं. पाय अजून भरलेला नाही, गाडीतून उतरताना आधार लागतो, आणि दाजींचा आधार ते घेत नाहीत. माझं पत्र फार लांबलं. ते एवढा वेळ उन्हात बसलेत, तू बाहेर जा.

तुझीच,
मोनी